मदत हवी आहे: इटलीतली वॉर म्युझियमं, मराठा पलटणीची स्मारकं, आणि हेल्मेट आतून बघायला मिळतं का?

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर शेवटचे प्रश्न तेवढे वाचा.

मी जुनी लष्करी हेल्मेटं जमवतो. मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटिश मार्क टू आहेत, त्यातलंच भारतात बनलेलं एक आहे (कडेला बारीक भोकं असतात, त्यावरून लगेच ओळखू येतं), आणि एक इटालियन एम-३३ आहे ज्याच्यावर इतके रंग चढलेत की मूळचा कुठला ते देव जाणे. सप्टेंबरअखेर इटलीला जायचं ठरतंय. बायको आणि आई बरोबर आहेत, म्हणजे व्हॅटिकन, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा हे होणारच, त्यावर चर्चा नाही. पण मधले काही दिवस माझे, असं कबूल करून घेतलंय.

इटलीच का, तर आपली माणसं तिथे लढली म्हणून. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण), १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनची चौकी घेतली, शेवटच्या दोघांना टॉमीगनच्या दस्त्याने लोळवलं आणि तिथेच स्नायपरच्या गोळीने गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान. वय २२. माणगावला तहसील कचेरीसमोर पुतळा आहे त्यांचा, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी एसटीतून बघितला असेल आणि कोण ते विचारलं नसेल. दुसरे नामदेव जाधव, १/५ मराठा, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमींना पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून अलीकडे आणलं, मग परत जाऊन तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. तेही व्हीसी.

आता माझं खरं दुखणं. कुठल्याही म्युझियममध्ये जा, हेल्मेट काचेत पालथं ठेवलेलं असतं. बाहेरून काय दिसणार, रंग आणि पोचा! माझ्यासारख्याला बघायचं असतं ते आतलं, म्हणजे लायनर (आतलं अस्तर) मूळचा आहे का, टाळूवरचा स्क्रू कधी फिरवलाय का, कडेखाली कारखान्याचा शिक्का आणि साल काय आहे, पट्ट्याच्या कडीवरचं साल त्याच्याशी जुळतं का, आणि नशीब असेल तर कुणीतरी पेन्सिलने किंवा खिळ्याने कोरलेला नंबर. युरोपात मागे एका म्युझियममध्ये मी काचेखाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारत होतो तर गार्ड धावत आला, बायको दुसऱ्या दालनात निघून गेली, ओळख दाखवली नाही.

तर प्रश्न असे. आतून बघू द्या अशी विनंती केली तर इटलीतली छोटी म्युझियमं ऐकतात का, आणि ती कुणाला करायची? घाडगे आणि जाधव यांच्या जागा गाडी न घेता होतील का? तिथल्या बाजारातून एखादं हेल्मेट घेतलं तर आणताना काय भानगडी होतात? आणि शेवटचं, माझं भारतीय मार्क टू बरोबर नेऊन स्मारकापाशी ठेवून फोटो काढायची फार इच्छा आहे, ते बरं दिसेल का?

कोकणचा_फौजी
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. नेऊ नका. ती मेलेल्या माणसांची जागा आहे, तिथे आपली वस्तू मांडून फोटो म्हणजे मला तरी प्रॉपसारखं वाटतं. फूल ठेवा, गेटपाशी भिंतीत छोटं कपाट असतं त्यात रजिस्टर आणि व्हिजिटर्स बुक असतं, त्यात मराठीत चार ओळी लिहा. झालं.

बाकी एक गोष्ट लक्षात ठेवा, घाडग्यांची कबर शोधत बसू नका, ती नाहीये. त्यांचं नाव कॅसिनो गावातल्या कॅसिनो मेमोरियलवर आहे, ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा ४,००० वर लोकांची नावं आहेत तिथे. आणि आपल्या बऱ्याच जवानांना अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांची नावं दगडी पाट्यांवर नसून वेगळ्या क्रिमेशन मेमोरियलवर असतात. फोर्लीच्या इंडियन आर्मी वॉर सेमेटरीत असं स्मारक आहे, जवळपास ८०० नावं, सांग्रो नदीपाशी ५०० च्या वर. लोक कबरींच्या रांगा फिरतात, आपलं नाव दिसलं नाही म्हणून परततात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर आडनाव आणि रेजिमेंट टाकून पॅनेल नंबर आधीच काढा. स्पेलिंग त्या काळची आहेत हां, मराठा नाही, महराट्टा टाका.

पलटण_रोड
गाडीशिवाय: कॅसिनो रोमहून रिजनल ट्रेनने आरामात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. फोर्ली बोलोन्या-रिमिनी लाइनवर आहे. सेनिओसाठी अल्फोन्सिनेला जा, रावेन्ना-फेरारा लाइनवर स्टेशन आहे, आणि सेनिओच्या लढाईचं म्युझियम त्याच गावात. तुमच्यासाठी हेच खरं ठिकाण, कारण नदीचे बांध जवळच आहेत, ते बघितल्याशिवाय जाधवांनी काय केलं ते डोक्यात शिरत नाही. नदी अरुंद आहे हो, पण दोन्हीकडे मातीचे उंच बांध आणि त्या बांधांत जर्मन खणून बसलेले, १९४४-४५ चा अख्खा हिवाळा.

घाडग्यांसाठी मोन्तोनेला जा, ते मात्र डोंगरावरचं गाव आहे, तिथे घाडग्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ स्मारक २०२३ मध्ये उभं राहिलंय. तिथे गाडीच घ्या एक दिवस. आपलं लायसन्स एकटं चालत नाही, इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या. आणि जुन्या गावांच्या आत गाडी घालू नका, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे असतात, दंडाची चिठ्ठी नंतर घरपोच येते.

लोखंडी_टोपी
मीही याच रोगाचा रोगी. आतून बघायचं असेल तर तिकीट काढून आत गेल्यावर विचारू नका, गार्डच्या हातात काही नसतं. महिनाभर आधी ईमेल, इटालियनमध्ये, भाषांतर यंत्राने केलं तरी चालतं, क्युरेटरच्या नावे. "तुमचा संग्रह बघायचाय" असं मोघम लिहू नका, नेमकं एकच मागा, मार्क टूचा आतला शिक्का आणि साल, हात न लावता, उचलायचं काम म्युझियमवाल्यांचंच. आणि बदल्यात काहीतरी द्या! भारतीय बनावटीच्या हेल्मेटचे, कडेच्या भोकांचे, आतल्या शिक्क्याचे तुमच्याकडचे फोटो जोडा. छोट्या म्युझियमवाल्यांना भारतीय माल फारसा बघायला मिळत नाही, त्यामुळे उत्तर येतं. मोठ्या सरकारी म्युझियमकडून मला तरी फक्त पोच आली.

खरेदीचं म्हणाल तर तुमच्या तारखा झकास आहेत. अरेझ्झोला दर महिन्याचा पहिला रविवार आणि आदला शनिवार जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, गावभर. मोन्तोनेला तिथून गाडीने जाता येईल. एम-३३ ढिगाने दिसतील, पण ते हेल्मेट युद्धानंतरही इटालियन लष्कराने वर्षानुवर्षं वापरलं, त्यामुळे "युद्धातलं" म्हणून सांगितलं की हसून पुढे जा. पावती मात्र घ्याच. ते चेक-इन बॅगेत, आतून कपडे भरून, लायनर दबता कामा नये. संगीन, काडतूस, अगदी रिकामी पुंगळीसुद्धा आणू नका, विमानतळावर आर्म्स ॲक्ट समजावून सांगत बसाल. शेतात सापडलेलं काही उचलू तर नकाच, जिवंत माल अजून निघतो तिकडे.

अवांतर: पहिल्या महायुद्धातलं काही तुमच्याकडे असेल तर ते घेऊन देशाबाहेर जाऊ नका. १०० वर्षं झालेली वस्तू आपल्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू धरली जाऊ शकते, परत आणताना सिद्ध करत बसाल.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. फौजीसाहेब, पटलं, हेल्मेट घरीच राहील, फक्त फोटो नेतो. अल्फोन्सिनेला ईमेल आजच लिहायला घेतो. आईला सूर्यघड्याळाचं सांगितलं तर ती म्हणाली पिसा राहू दे, आधी ते. एकच शंका, फोर्ली आणि अल्फोन्सिने एका दिवसात बसेल का?

पलटण_रोड
बसेल, सकाळी फोर्ली, मग ट्रेनने रावेन्ना गाठून पुढे. फक्त सोमवार धरू नका, तिकडे बरीच म्युझियमं सोमवारी बंद असतात, आणि दुपारची जेवणाची सुट्टी छोट्या ठिकाणी लांबलचक असते. ईमेलमध्ये तुमची वेळ आधीच कळवा.