‘स्प्लिट ग्रेडशिवाय प्रिंट अर्धवट’: असहमत

तांबडादिवा
काल एकाने इथे ठासून लिहिलं, की डार्करूममध्ये कृष्णधवल फोटो छापताना एकाच फिल्टरने काढलेली प्रिंट अर्धवट असते. ०० ने (सगळ्यात कमी कॉन्ट्रास्टचा ग्रेड) हायलाइट, म्हणजे उजळ भाग, आणि ५ ने (सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्टचा) काळं असं दोनदा एक्स्पोज केलं, म्हणजेच स्प्लिट ग्रेड केलं, तरच कागद आपले सगळे टोन देतो. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या कागदात वेगवेगळी इमल्शन्स (प्रकाशसंवेदी मिश्रणं) मिसळलेली असतात. निळ्या प्रकाशाला ती सगळी जवळपास एकदमच प्रतिसाद देतात, म्हणून कॉन्ट्रास्ट चढतो. हिरव्याला मात्र एक लवकर, दुसरं उशिरा, तिसरं त्याहून उशिरा. टोन पसरतात, कॉन्ट्रास्ट उतरतो. पिवळा फिल्टर निळा अडवतो, मजेंटा हिरवा अडवतो. एवढाच खेळ. मग अख्ख्या कागदावर आधी हिरवा टाका नि मग निळा, किंवा दोन्ही एकत्र टाका, कागदाला मिळालेली बेरीज तीच. ०० आणि ५ च्या जोडीने जी प्रिंट निघते, ती मधल्या कुठल्यातरी एका ग्रेडवरही निघतेच. मग हे ‘वेगळे टोन’ येतात कुठून?

हायलाइट वेळेने बसवा, काळं फिल्टरने बसवा. नवशिक्यांना हे आधी येऊ द्या.

चांदीचाकण
थिअरी उत्तम. आता माझं ऐका. खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंचा फोटो. केस उजेडात पांढरेफटक, चेहऱ्याची अलीकडची बाजू अंधारात. २ वर केसांत तपशील आला तर गालाला जीव नाही; ३½ वर गाल उठला तर केसांच्या जागी कोरा कागद. स्प्लिट केलं आणि एकेक बट मोजता येईल अशी प्रिंट आली. ती आजही भिंतीवर आहे. तुमची बेरीज तिला दाखवा.

तांबडादिवा
केस ०० खाली वेगळे बर्न केलेत का, म्हणजे फक्त तेवढ्या भागाला जादा प्रकाश दिलात का? हो की नाही, एवढंच सांगा.

चांदीचाकण
केले. मग?

तांबडादिवा
मग श्रेय त्या बर्निंगला! एका भागाला एक ग्रेड, दुसऱ्या भागाला दुसरा, ही मल्टिग्रेडची खरी ताकद आहे आणि ती मी कधीच नाकारली नाही. मी अख्ख्या कागदाबद्दल बोलतोय. उत्तर देण्याआधी धागा वाचत जा.

ट्रेमधलापाणी
दोघेही फिल्टर धरून बसलात, सेफलाइट (कागदावर परिणाम होऊ नये असा डार्करूममधला मंद दिवा) कोणी तपासलाय? मी शिकलो त्या डार्करूममध्ये प्रत्येकाची प्रिंट मळकट यायची आणि आमचे सर प्रत्येकाला ‘ग्रेड वाढव’ सांगायचे. दिवा ट्रेच्या डोक्यावरच टांगलेला, त्याचा फिल्टर उडालेला. सगळे ४ वर छापत होते आणि निगेटिव्हला शिव्या घालत होते. दोष दिव्याचा होता.

निगेटिव्हआधी
त्याच्याही आधी निगेटिव्ह नीट काढा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारख्या नामवंत अमेरिकन छायाचित्रकारालाही ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या आपल्या गाजलेल्या फोटोचा खालचा भाग छापताना त्रास व्हायचा. शेवटी 1948 मध्ये त्याने निगेटिव्हचाच तो भाग इंटेन्सिफाय केला, म्हणजे रसायनाने दाट केला. फिल्टरने सगळं भागत नाही.

चांदीचाकण
@ट्रेमधलापाणी, माझा सेफलाइट तपासलेला आहे. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून दहा मिनिटं दिव्याखाली ठेवला, मग डेव्हलप केला. काहीही उमटलं नाही.

ट्रेमधलापाणी
ही चाचणीच चुकीची! कोऱ्या कागदाला उंबरठा ओलांडायलाच थोडा प्रकाश लागतो, तेवढा फॉग (नको असलेल्या प्रकाशाने येणारा करडेपणा) तो गिळून टाकतो. आधी एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) कागदाला इतकंच एक्स्पोजर द्या, की डेव्हलप केल्यावर फिकट राखाडी येईल. मग नाणी ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एक उचला. नाण्याखालचा गोल आजूबाजूपेक्षा उजळ दिसला, की दिवा सुरक्षित नाही. प्रिंटमध्ये हायलाइट नेमके याच फिकट राखाडी जागी असतात. फॉग तिथे बसतो, काळ्याला काही होत नाही, आणि तुम्ही ग्रेड चढवत बसता.

तांबडादिवा
धागा कॉन्ट्रास्टचा आहे, दिव्यांचा नाही. सेफलाइटसाठी वेगळा काढा.

ट्रेमधलापाणी
हायलाइट मळले म्हणजे कॉन्ट्रास्टच गेला की! जुन्या ग्रेडेड कागदासाठीचा पिवळट-हिरवा दिवा मल्टिग्रेडवर वापरणारे आजही भेटतात. या कागदाला हिरवाही दिसतो, हे तुम्हीच वर लिहिलंत. मग तुम्हाला राग कशाचा येतोय?

तांबडादिवा
राग नाही. ठीक आहे, दिव्याचा मुद्दा बरोबर आहे. पण त्याने स्प्लिटवाल्यांचा दावा सिद्ध होत नाही.

चांदीचाकण
अख्ख्या कागदाला सारखंच एक्स्पोजर असेल तर तुमची बेरीज मान्य. तेवढीच. पण कुठला ग्रेड हवा हे मला आधी कळतच नाही. ०० ची टेस्ट स्ट्रिप (कमी-जास्त वेळ प्रकाश देऊन पाहिलेली कागदाची पट्टी) बघून हायलाइट ठरवते, त्यावर ५ ची स्ट्रिप टाकून काळं ठरवते, आणि ग्रेड आपोआप हाताशी येतो. तुमच्या पद्धतीत ३½ वरून ४ वर गेलं की वेळ दुप्पट करून पुन्हा स्ट्रिप. ते तुम्ही करा, मी करणार नाही.

तांबडादिवा
‘मला सोपं जातं’ असं कालच्या पोस्टमध्ये असतं, तर मी एक ओळही लिहिली नसती.