‘नितळ मन’ : बरोबर की चूक?

डिचोलीची
एका कोकणी भाषणाचा मराठी अनुवाद करते आहे. विषय बायबलमधला, येशूचा प्रचारक पौल याच्यावरचा खटला. येरुशलेममध्ये धरलेल्या पौलाला कैसरियाला नेऊन रोमी सुभेदार फेलिक्सपुढे उभे करतात, तो प्रसंग. पाच दिवसांनी ज्यूंचा मुख्य याजक हनन्या तिथे येतो, बरोबर तर्तुल्ल नावाचा वकील. हा माणूस दंगे पेटवतो, नासरेथकरांच्या, म्हणजे येशूच्या अनुयायांच्या, पंथाचा म्होरक्या आहे, मंदिर बाटवायला निघाला होता, असे आरोप ठेवले जातात. पौल ते खोडून काढतो आणि सांगतो की देवापुढे आणि माणसांपुढे माझे मन स्वच्छ राहावे म्हणून मी सतत धडपडत असतो. वक्त्याने कोकणीत ‘नितळ अंतस्करण’ म्हटले होते, मी ‘नितळ मन’ केले. पुण्याच्या संपादकांनी ते खोडून ‘सदसद्विवेकबुद्धी शुद्ध’ लिहिले आणि बाजूला शेरा मारला : ‘नितळ पाणी असते. मन निर्मळ असते.’

मला हा शब्द सोडवत नाही, त्याचे कारण घरचे आहे. माझे वडील गावच्या देवस्थानाचे खजिनदार होते. एका वर्षी जत्रेच्या हिशेबात पैसे कमी भरले आणि बोट त्यांच्याकडे गेले. भर सभेत त्यांना विचारले गेले. त्यांनी वही पुढे ठेवली, मग गर्भगृहाकडे तोंड करून म्हणाले, ‘देवा, म्हजें मन नितळ आसा, तूं पळय (तू बघ).’ मी तेव्हा नऊ वर्षांची होते, खांबाला टेकून उभी. त्या वाक्यात ‘सदसद्विवेकबुद्धी’ बसवून बघा.

तर प्रश्न एवढाच : मराठीत ‘नितळ मन’ चालते का?

पुणेकर वाचक
चालते की. ‘नितळ मनाचा माणूस’ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण संपादकांची अडचण समजते. ‘नितळ मन’ म्हणजे निष्कपट, भोळे मन. आरोपाला उत्तर देताना माणूस ‘मी भोळा आहे’ असे म्हणत नसतो. ‘मी तपासून पाहिले आणि मला माझ्यात दोष सापडला नाही’ असे म्हणत असतो. त्याला विवेक लागतो. म्हणून ‘सदसद्विवेकबुद्धी’. शब्द जड आहे, पण नेमका आहे.

शुद्धमराठी
‘नितळ’ तुमच्याकडे कोकणीत ‘स्वच्छ’ या अर्थाने सरसकट चालतो. घर नितळ, रस्ता नितळ, ‘नितळ गोंय’ अशी सरकारी मोहीमसुद्धा झाली. मराठीत तो अर्थ नाही. मराठीत नितळ म्हणजे तळ दिसेल असे पाणी, फार तर त्वचा किंवा आवाज. शेजारच्या भाषेतला अर्थ उचलून मराठी वाक्यात ठेवला तर मराठीची कड बोथट होते. ‘निर्मळ’ हा संतांचा शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशाला?

पेडण्याचा मास्तर
उसनवारी कुठली? आमच्याकडे घरात कोकणी, देवळात आरती मराठी, कीर्तन मराठी, आणि गाऱ्हाणे दोन्हींच्या मधल्या भाषेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कागदावर दोघींच्या जागा ठरवल्या, तोंडात नाही. माझी आजी नितळ हा शब्द पाण्याला, भांड्याला आणि माणसाला एकाच श्वासात लावायची आणि तुकारामाचे अभंगही म्हणायची. तिला कोणती भाषा येत नव्हती म्हणायचे?

फोंडेकर
व्युत्पत्तीकडे जाऊ या, म्हणजे भांडण आपोआप खाली बसेल. ‘नितळणे’ हे क्रियापद मराठीत आहे : गाळ तळाशी जाऊन वरचे पाणी स्वच्छ होणे. ‘निवळणे’ही तसेच. आमच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात गढूळ व्हायचे तेव्हा आई घड्यात निवळीची बी उगाळून घालायची. संस्कृतात त्या झाडाला कतक म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दाखला आहे : कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. तिथले क्रियापद बघा, ‘वारि प्रसीदति’. प्र अधिक सद्, म्हणजे खाली बसणे, स्थिरावणे. ‘प्रसन्न’ पाणी म्हणजे नितळ पाणी. यातूनच ‘प्रसाद’. मग ‘मन करा रे प्रसन्न’ म्हणणाऱ्या तुकोबांनी मनाला पाण्याचाच शब्द लावला की नाही?

आणि आता गोव्याकडे या. आम्ही देवाकडे ‘प्रसाद’ घेतो, म्हणजे खायचा नव्हे. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतो, उजवी पडली तर होकार. वाद असला, आळ असला, तरी माणसे प्रसादाला बसतात. माझ्या मते त्या शब्दातही हाच जुना अर्थ आहे : गढूळ झालेली गोष्ट देवाने नितळ करून द्यावी. डिचोलीच्या ताईंच्या वडिलांनी देवाकडे पाहून ‘नितळ’ म्हणावे यात मला काहीच उपरे वाटत नाही.

पुणेकर वाचक
प्र+सद् मान्य. पण कौल-प्रसादातला ‘प्रसाद’ हा देवाची कृपा या सरळ अर्थाचा असणार. दोन टोके जोडायची तर मधली कडी दाखवा.

फोंडेकर
कृपा हा अर्थही ‘प्रसन्न होणे’ यातूनच आला ना? कडी तीच.

मोडीवाला
आरोप आणि देव असा विषय आहे तर ‘दिव्य’ विसरून चालणार नाही. जुन्या कागदांत वाद साक्षीपुराव्याने सुटला नाही की दिव्य यायचे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून तापलेला धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी ती उघडून हात पाहायचा. हात भाजला नसेल तर माणूस खरा. मन शुद्ध असले तर कातडी वाचते, अशी त्यामागची श्रद्धा. आज आपण ‘अग्निदिव्यातून गेलो’ म्हणतो तेव्हा फक्त त्रास उरला आहे, खरेखोटे होणे गळून गेले. शब्दाचा निम्मा अर्थ असा गेला याचे मला फार वाईट वाटते.

सासष्टीचा
मी कॅथलिक, शाळा मराठीतून झाली. आमच्याकडे कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला जाण्याआधी पाद्री सांगतात, ‘अंतस्करण तपास’. शब्द संस्कृत आणि तो आमच्या प्रार्थनेत रुळलेला. त्यामुळे मराठीत ‘अंतःकरण’ सोडून ‘सदसद्विवेकबुद्धी’ का घेतली हे मला कधी उलगडले नाही. मराठीत अंतःकरण फक्त दुखते, द्रवते, पिळवटते. साक्ष देत नाही.

दुसरे असे की पौलानेच करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिताना म्हटले आहे : माझे मन मला कशाबद्दल दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. म्हणजे मन नितळ असणे हा त्याच्या लेखी निकाल नव्हे. कोणताही शब्द निवडताना हे जपा.

शुद्धमराठी
अंतःकरणाबद्दल सहमत. कालिदासाच्या दुष्यंताला शंका येते तेव्हा तो म्हणतो, ‘प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः’. शंकेच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण. आपल्या राज्यघटनेचा मराठी पाठ पाहा. अनुच्छेद २५ मध्ये ‘सदसद्विवेकबुद्धी’चे स्वातंत्र्य आहे आणि तिसऱ्या अनुसूचीतल्या मंत्र्यांच्या शपथेत ‘निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने’. हिंदी पाठात दोन्हीकडे अंतःकरण. मराठीने एका गोष्टीसाठी दोन शब्द घेतले आणि तिसरा, हक्काचा, रडण्यासाठी ठेवला.

पेडण्याचा मास्तर
शपथेचे नाव काढलेत म्हणून सांगतो. २०२२ च्या जानेवारीत आमच्याकडे एका पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशा आणाभाका दिल्या. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण सप्टेंबरात दुसऱ्या पक्षात गेले. ‘देवाला साक्षी ठेवून’ हे शब्द त्या दिवसापासून मला वर्गात शिकवताना जड जातात. शब्द झिजतात ते असे.

पुणेकर वाचक
राजकारण नको, धागा भरकटेल.

पेडण्याचा मास्तर
हे राजकारण नाही, ‘साक्षी’ या शब्दाचे आजचे हाल आहेत.

मोडीवाला
‘साक्षी’ची व्युत्पत्ती पाणिनीने दिली आहे : साक्षात् पाहणारा. ऐकीव सांगणारा साक्षी नव्हे. या कसोटीवर आपल्या मनात काय होते ते पाहणारे दोघेच, आपण आणि देव. तुकोबांची ओळ इथेच बसते : ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’ ग्वाही म्हणजे साक्षीदार. आज पुढारी ‘मी ग्वाही देतो’ म्हणतात तेव्हा ते हमी देत असतात, पुढच्या गोष्टीची. साक्ष मात्र झालेल्या गोष्टीचीच देता येते. ताई, तुम्ही ‘माझे मन ग्वाही आहे’ असे करून पाहा.

शुद्धमराठी
ग्वाही फारसी आहे. ‘गवाह’वरून. साक्षी असताना ती का?

मोडीवाला
तुकोबांच्या तोंडात बसली ती आपल्या तोंडात बसणार नाही? आणि ‘कौल’ अरबी आहे. गोव्यातले देव रोज त्याच शब्दात उत्तर देतात.

सासष्टीचा
एक गोष्ट अनुवादकाने लक्षात ठेवावी. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते. पकडलेल्या माणसाला आरोप काय आणि करणारा कोण हे सांगत नसत. तूच आपले अंतःकरण शोध आणि कबूल कर, म्हणत. १६७३ मध्ये दमणला पकडून पुढे गोव्याला आणलेल्या देलॉं या फ्रेंच वैद्याने सुटल्यावर हे सारे लिहून ठेवले. पौलाला निदान आरोप करणारे समोर दिसत होते आणि आरोप त्याच्यासमोर बोलून दाखवला गेला होता. मला त्या प्रसंगातले हे मोठे वाटते.

फोंडेकर
खरे आहे. तुमच्या बाबांनाही तोंडावर विचारले गेले, ताई. आजकाल आळ पाठीमागून, फोनवरच्या गटांत फिरतो. ज्याच्यावर आहे त्याला शेवटी कळतो.

ग्रीक शिकलेला
उशिरा लिहितो आहे. मूळ ग्रीक वाक्यात पाणी नाही, शुद्धीही नाही. मनासाठी ‘सिनेइदेसिस’ आहे. ‘सिन’ म्हणजे सह, आणि पुढचा भाग जाणण्याचा. सह-जाण. लॅटिन ‘कोन्शिएन्शिया’ची घडण तीच. आणि त्याला लावलेले विशेषण ‘अप्रोस्कोपोस’, म्हणजे ठेच न लागणारे, अडखळायला न लावणारे. चित्र वाटेवरून चालणाऱ्या माणसाचे आहे. त्यामुळे ‘नितळ’ आणि ‘शुद्ध’ दोन्ही अनुवादकांनी आणलेली चित्रे आहेत. मी असतो तर लिहिले असते : ‘देवापुढे आणि माणसांपुढे माझे मन कुठे अडखळू नये म्हणून मी धडपडतो.’

पुणेकर वाचक
‘मन अडखळणे’ मराठीत नाही. जीभ अडखळते, पाय अडखळतो.

पेडण्याचा मास्तर
जीभ का अडखळते? आत काही अडते म्हणून. ‘खाई त्याला खवखवे’ म्हणतो आपण. ज्याने खाल्ले नाही त्याचा घसा मोकळा.

फोंडेकर
चोराच्या मनात चांदणे, हेही त्यातलेच.

पुणेकर वाचक
नाही, चांदण्याचा अर्थ वेगळा. चोराला अंधार हवा असतो आणि त्याच्या मनात सारखी भीती की आता उजेड पडेल, आपण दिसू.

फोंडेकर
आमच्याकडे तो अपराधी मनाबद्दलच वापरतात.

पुणेकर वाचक
मी कुठे नाही म्हणतो? का, ते सांगतो आहे.

डिचोलीची
सगळ्यांचे वाचते आहे. एक सांगू का? निवळणे, प्रसन्न, स्थिर, हे सगळे शब्द शांत पाण्याचे आहेत. बाबा शांत नव्हते. सभेनंतर कित्येक रात्री ते झोपले नाहीत. अंगणात फेऱ्या मारायचे, वही काढून पुन्हा बेरजा करायचे. आपल्याच हातून चूक झाली असेल का, हे त्यांना पोखरत होते. पैसे त्यांनी घेतले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते, देवाला ठाऊक होते, आणि तरी मन ढवळलेले होते. आळ आला की निर्दोष माणसाचेही मन गढूळ होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून फोंडेकरकाकांची व्युत्पत्ती आवडली तरी आता माझाच शब्द मला टोचायला लागला आहे.

मोडीवाला
पुढे हिशेब जुळला का?

डिचोलीची
नाही. पावतीपुस्तक कधी सापडलेच नाही. बाबांनी कमी पडलेली रक्कम आपल्या खिशातून भरली. त्यावर काही लोक म्हणाले, घेतले होते म्हणूनच भरले.

सासष्टीचा
देव बरें करूं तुमचें, ताई. याच्यावर काय लिहावे सुचत नाही.

शुद्धमराठी
मी माझा आक्षेप मागे घेत नाही, पण तुमच्या वडिलांच्या वाक्यातला शब्द बदलू नका. ते अवतरण आहे. अनुवादात काय ते संपादकांशी बोला.

डिचोलीची
काल आईला फोन केला. तिला ती सभा लख्ख आठवते. ती म्हणते, बाबा ‘नितळ’ म्हणालेच नाहीत. तो शब्द घरी आल्यावर आजीने वापरला, ‘म्हज्या पुताचें मन नितळ.’ गर्भगृहाकडे पाहून बाबा एवढेच म्हणाले होते : ‘देवा, तुका खबर आसा.’ मी इतकी वर्षे आजीचे वाक्य बाबांच्या तोंडी ऐकत होते.

ग्रीक शिकलेला
तुला ठाऊक आहे. माझ्याबरोबर तूही जाणतोस. ताई, ‘सिनेइदेसिस’ याच्या इतके जवळ जाणारे मी मराठीत काही वाचलेले नाही.

शुद्धमराठी
‘खबर’ अरबी. इथे मला बदलावासा वाटत नाही.

पुणेकर वाचक
आमच्याकडे खबर म्हणजे बातमी, आणि ‘खबर घेणे’ म्हणजे खरडपट्टी. ‘ठाऊक असणे’ हा अर्थ फक्त गोव्यातच आहे, की मालवण-वेंगुर्ल्याकडेही? सावंतवाडीचे कोणी इथे असेल तर सांगा, वेगळा धागा काढतो.