टीका आणि द्वेष यांतली सीमा कशी ओळखावी?

पिंपळपान:
शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. परवा एकाने भाजीच्या हातगाडीची चित्रफीत टाकून खाली लिहिले, ‘यांची औलादच अशी, यांच्याकडून काही घेऊ नका.’ मी हरकत घेताच ‘आम्ही मतही मांडायचे नाही का?’ असे त्याने विचारले आणि मी निरुत्तर झालो. टीका कुठे संपते? शिवाय ॲडमिन म्हणून मी अडचणीत येईन का?

सायली_क:
‘या विक्रेत्याने भाजी गटारात धुतली’ ही तक्रार आहे. ती खरी की खोटी हे तपासता येते. ‘औलादच अशी’ म्हटल्यावर कृत्य बाजूला पडते, जन्मच गुन्हा ठरतो आणि पाठोपाठ बहिष्काराची हाक येते. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ज्या पाच जणांचा जीव घेतला, ते भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या अफवा पुढे पाठवणाऱ्यांनाही आपण केवळ सावध करतो आहोत, असेच वाटले असणार.

जुना_वकील:
सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. धर्म, जात, भाषा यांवरून वैर पसरवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 196 आहे. तरी ऊठसूट पोलिसांत जाऊ नये, असे माझे मत आहे. पालघरमध्ये 2012 साली एका साध्या फेसबुक नोंदीपायी, ती लिहिणारी आणि लाइक करणारी, अशा दोन तरुणींना अटक झाली होती. तेव्हा वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ त्यातील मोघम शब्दांमुळे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले.

सायली_क:
सहमत आहे, मात्र थेट धमकी असेल, तर स्क्रीनशॉट ठेवून तक्रार करावीच. एरवी मजकूर काढा, का काढला ते दोन ओळींत लिहा आणि मित्राशी फोनवर बोला, कारण चारचौघांत माणूस हट्टालाच पेटतो. निषेधासाठीसुद्धा ती चित्रफीत इतरत्र पाठवू नका.

पिंपळपान:
फोन केला. चित्रफीत त्याला मेहुण्याने पाठवली होती आणि त्याने ती शेवटपर्यंत पाहिलीही नव्हती. मजकूर काढला आहे. तो ग्रुपमध्ये आहे, फक्त त्याचे रोजचे ‘शुभ सकाळ’ तेवढे बंद झाले आहे.