वसंतातलं ऑफ-पिस्ट: निघायचं नेमकं किती वाजता?

सैलबूट

मंडळी, एप्रिलमध्ये आम्ही चौघं मित्र एका दिवसासाठी ऑफ-पिस्टला, म्हणजे पिस्ट (आखून तयार ठेवलेला स्कीचा मार्ग) सोडून मोकळ्या डोंगरावर निघालोय. स्की चौघांनाही बऱ्यापैकी येतं, पण आजवरचं बरंचसं पिस्टवरचं आणि हिवाळ्यातलं. रस्त्यापासून स्किन (चढताना घसरू नये म्हणून स्कीखाली लावायची पट्टी) लावून साधारण तीन तासांची चढाई आहे, वर एक लांब धार. तिथून तीन वाटा फुटतात: पूर्वेकडचा रुंद उतार, दक्षिणेकडचा त्याहून उभा उतार आणि पश्चिमेकडे उतरणारी एक घळ, जी थेट रस्त्यावर आणून सोडते.

भांडण वेळेवरून आहे. एक म्हणतो अंधारात निघू. दुसरा म्हणतो, सकाळी बर्फ दगड झालेला असतो, त्यावर दात खिळखिळे करून घ्यायला कशाला उठायचं? नऊला निघू, दुपारी मऊ बर्फावरून आरामात येऊ. त्याचं म्हणणं, मागच्या वर्षी तो याच घळीतून दुपारी एकला उतरला आणि काही झालं नाही. खरं कोणाचं?

उतरणवाली

दोघांचंही थोडं थोडं. पण घड्याळाच्या आधी आभाळ बघा, तेही आदल्या रात्रीचं.

वसंतातला चांगला बर्फ रात्री तयार होतो. आभाळ निरभ्र असलं की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर फेकत राहतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी तो गोठतो. दिवसा वितळून सुटे झालेले कण एकमेकांना घट्ट धरतात. ढग आले की तीच उष्णता खाली परत येते, आणि सकाळी वर कडक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली सगळा लगदा असतो. बूट घालून उभं राहा. घोट्याच्या वर पाय रुतला तर त्या दिवशी उभ्या उतारांचं नाव काढायचं नाही, मग तुम्ही पहाटे चारला का उठलेला असेना.

रात्र चांगली गेली असेल तर हिशोब उलटा मांडायचा. ‘कधी निघू’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी ठरवा की कुठला उतार कधी पिकतो. पूर्वेला ऊन आधी लागतं, तिथे नऊ-साडेनऊच्या सुमाराला वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटायला लागतील. दक्षिणेला त्यानंतर तास-दीड तासाने. वारा, उंची, उताराची तीव्रता यांनी हे पुढेमागे होतं, म्हणून काठी खुपसून बघणं सुटत नाही. नऊला धारेवर हवं आणि चढाई तीन तासांची, म्हणजे थांबे धरून साडेपाचला पावलं चालू लागली पाहिजेत. अंधारात निघू म्हणणाऱ्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

आमच्या टोळक्यात एक मैत्रीण आहे, तिला वर पोचल्यावर थांबणं जमत नाही. एकदा असंच लवकर पोचलो तर खाली सगळी काच. तिला सॅकवर बसवून ठेवलं. दर दहा मिनिटांनी कोणीतरी कडेला जाऊन स्कीची कड दाबून यायचं आणि मान हलवायचं. तिने दोनदा बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) लावलं, दोनदा काढलं. मग एका क्षणी आवाज बदलला: खरखर होती तिची सळसळ झाली. वर ओलसर, मोकळे दाणे आणि खाली पक्की बैठक. असा बर्फ मिळाला की स्की आपणहून वळते, आपण फक्त हरकत घ्यायची नाही. तळाशी पोचून मागे पाहिलं तर आमच्या रेषा बोटभरही खोल नव्हत्या. पूर्वेचा तो उतार पुरा झाल्यावर तिला आणखी एक हवा होता. शेजारच्या खडकाखालून बर्फाच्या गुंडाळ्या गडगडत खाली यायला लागल्या होत्या, म्हणून नाही गेलो. परतीच्या वाटेवर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी बोलली.

आता तुमची घळ. मला खटकली ती तीच. पश्चिमेची आहे म्हणून ती दुपारपर्यंत शाबूत राहील असं वाटतं, आणि तिच्या तळाचा बर्फ राहीलही. पण पश्चिमेला उतरणाऱ्या घळीची एक भिंत दक्षिणेकडे तोंड करून असते. ती सकाळपासून भाजत असते, आणि तिच्यावर सुटलेलं सगळं खाली घळीतच येतं. ओलं हिमस्खलन बहुधा एका बिंदूतून सुटतं आणि पंख्यासारखं पसरत जातं. वेग कोरड्यापेक्षा कमी, पण वजन भयंकर, आणि थांबलं की घट्ट बसतं. घळीत बाजूला व्हायला जागा नसते. तिथून एकला उतरायचं नाही. पूर्वेकडून उतरून रस्त्यापर्यंत वळसा पडत असेल तर वळसा घ्या.

आणि ‘मागच्या वर्षी काही झालं नाही’ याबद्दल. इयन मॅक्कॅमन यांनी अमेरिकेतले ७१५ हिमस्खलन अपघात तपासून २००४ मध्ये लिहिलं, की ओळखीचा उतार, आधी ठरलेला बेत, गटातल्या जाणत्यावरचा भरवसा अशा गोष्टी माणसाला डोळ्यांसमोरच्या खुणा बघू देत नाहीत. मागच्या वर्षीची रात्र वेगळी होती, एवढंच त्या मित्राला विचारा: तेव्हा आभाळ कसं होतं? आठवत नसेल तर त्या अनुभवाचा उपयोग नाही.

जुनी_काठी

ताईंचं बरोबर, पण लवकर निघालं म्हणजे सगळं सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नका. गोठलेल्या ३५ अंशांच्या उतारावर पाय सटकला तर माणूस थांबत नाही, आणि खाली खडक असतील तर हिमस्खलनाची गरजच उरत नाही. पिस्टवरून आलेल्यांना हे माहीत नसतं. चढताना स्की-क्रॅम्पॉन (स्कीखाली बसणारे धातूचे दात) हवेत, आणि ते सॅकच्या तळाशी नको. उतार कडक व्हायच्या आधी सपाटीवर लावायचे. उभ्या उतारावर अडकल्यावर लावू म्हणणारे मी पाहिलेत, एका पायावर उभे राहून. कडा घासून आणा. ‘सकाळी दगड’ म्हणणारा मित्र आळशी असेल, पण भीती खरी आहे.

उतरणवाली

मान्य. म्हणूनच वर बसून वाट पाहायची, घाईने काचेवर उतरायचं नाही.

उत्तरेकडचे उतार तुम्ही विचारले नाहीत, पण धारेवरून ते खुणावतील, कारण तिथे हिवाळ्याचा कोरडा बर्फ टिकून असतो. तिथला नियम वेगळा. आत दबलेला जुना कच्चा थर असेल आणि मोसमात पहिल्यांदाच त्याच्यापर्यंत पाणी झिरपलं, तर वरच्या बर्फाची अख्खी पाटी एकसंध सुटू शकते. त्या भागाचं हिमस्खलन-पत्रक (धोक्याचा अंदाज) वाचल्याशिवाय तिकडे वळू नका. युरोपातली हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी १९९३ पासून आहे. वसंतात मात्र नुसता आकडा पाहू नका, सकाळचा धोका आणि दुपारचा धोका वेगळा दिलाय का ते पाहा.

सैलबूट

खूप आभार दोघांचे. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं चौघांकडे आहे. घळ रद्द केली. उरला प्रश्न: उतरताना एकत्र की एकेक?

उतरणवाली

एकेक, आणि बाकीचे जिथून तो दिसेल पण उताराच्या वाटेत नसतील अशा जागी. चौघं एकाच वेळी गाडले गेले तर फावडी कोण चालवणार? स्वित्झर्लंडच्या १९८१ ते २०२० मधल्या नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात पूर्ण गाडल्या गेलेल्यांची जगण्याची शक्यता पहिल्या दहाच मिनिटांपर्यंत नव्वद टक्क्यांच्या वर राहते, मग झपाट्याने कोसळते. बाहेरून मदत इतक्यात येत नाही. निघण्याआधी चौघांनी एकदा पुरलेला ट्रान्सीव्हर शोधून, प्रोब लावून, प्रत्यक्ष खणून बघा. शोधायला लागतो त्यापेक्षा खणायलाच जास्त वेळ लागतो. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी कुठलीही असो. फोन मात्र शोधताना ट्रान्सीव्हरपासून अर्धा मीटर तरी लांब.

आणि परतीची वेळ आदल्या रात्री, गरम खोलीत बसून ठरवा. धारेवर ती वाढवायला मतदान घ्यायचं नाही. कमी करायला एकाचं मत पुरे.

सैलबूट

ठरलं, साडेपाच. नऊवाला मित्र म्हणतो, मी मागून येतो, धारेवर भेटू.

उतरणवाली

एकट्याने, साडेतीन तास उशिरा, त्याच उतारांखालून? त्याला सांगा, यायचं तर साडेपाचला, नाहीतर झोप काढ. आणि झोपणार असेल तर गाडीची किल्ली त्याच्याकडे ठेवू नका.