गुऱ्हाळाच्या घाण्यात दादाची तीन बोटं गेली, मालकानं स्टॅम्पवर लिहून घेतलंय. आता काही मिळतं का?

पन्हाळ्याखालचा:
थोरला भाऊ, वय ४०, शेजारच्या गावातल्या गुऱ्हाळावर घाण्यात ऊस लावायला असायचा. लाईट रात्रीची असली की काम रात्रीचंच. या हंगामात लाटांत (ऊस पिळणाऱ्या रोलरांत) कांडं अडकलं, ते आत सारताना उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मोटारीचा स्विच पलीकडच्या खोलीत. चुलवाणाला जाळ घालणारा गडी पळत गेला तेव्हा कुठं बंद झाली. लाटांपुढं जाळी होती, पण ऊस भराभर जात नाही म्हणून मालकानंच काढायला लावलेली.

दवाखान्याचं बिल मालकानं भरलं, ते नाकारत नाही. वर वीस हजार दिले आणि 'यापुढे काही मागणी नाही' असं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं. दादानं डाव्या हातानं कशीबशी सही केली. आता विळा धरता येत नाही, टोपलं उचलवत नाही. वहिनीच्या भांगलणीवर घर चाललंय. पोरीच्या लग्नात त्याच मालकाकडनं उचल घेतलेली, म्हणून दादा तोंड उघडत नाही.

रानवेडा:
गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत बसवा की. एक अवयव गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज.

पन्हाळ्याखालचा:
जाऊन आलो. पहिलाच प्रश्न, सातबारा कुठाय? खातेदार आणि त्याच्या घरातला एक जण एवढ्यांनाच ती योजना. आम्हाला गुंठाभर रान नाही.

संघटनेतला म्हातारा:
ती योजना रानाच्या मालकाची. मजुराचा कायदा वेगळा आणि जुना आहे, १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा; नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय. मोटारीवर माल तयार होतो तिथला गडी त्यात येतो, ट्रॅक्टर आणि यंत्रावर शेती करणारा मजूरही येतो. कडबा कुट्टीत हात गेलेली माणसं मी पाहिलीत, त्यातल्या बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

स्टॅम्पला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यानंच रद्दबातल आहे.

हिशेब असा. एका हाताची तीन बोटं म्हणजे कमाईची ताकद ३० टक्के गेली, असं कायद्याच्या परिशिष्टात छापलंय. पगार महिना १०,००० धरला तर त्याचे ६० टक्के ६,०००. कायद्यात वयाप्रमाणे गुणक ठरलेला असतो, चाळिशीचा १८४.१७. गुणाकार ११,०५,०२०, त्याचे ३० टक्के ३,३१,५०६ रुपये. वीस हजार कुठं आणि हे कुठं! अपघातापासून दोन वर्षांच्या आत कामगार न्यायालयात दावा लावा.

मालक बहुधा म्हणेल की गडी प्यालेला होता, नाहीतर जाळी त्यानंच काढली. असल्या जखमेत यातली एक जरी गोष्ट खरी ठरली तर भरपाई बुडू शकते. म्हणून केसपेपरवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

कागलकरीण:
वहिनींना एक सांगा, अपंगत्वाचा दाखला लगेच काढून ठेवा. आणि गुऱ्हाळावर बाकीच्यांना शिकवा: तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायचं, ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात टाकलं तर ते जोडायच्या कामाचं राहत नाही.

पन्हाळ्याखालचा:
आमच्यात तर कुणीतरी राख लावून रुमालात बांधली होती.

आजोबा, दावा लावला तर पुढच्या हंगामात गावात कोण काम देणार?

संघटनेतला म्हातारा:
तीन बोटं नसलेल्या गड्याला तसंही घाण्यावर कोण घेणार, बाळा? आधी वकिलाकडनं नोटीस धाडा. मालक तडजोडीला आला तर ती न्यायालयात नोंदवून घ्या, परत स्टॅम्पवर नको. रोजगाराची वही, फोनवरून आलेले पैसे, घाण्याचे फोटो, असेल ते गोळा करा.

पन्हाळ्याखालचा:
फोटो आहेत, जाळी भिंतीला टेकवलेली दिसते. साक्षीला तो जाळ घालणारा गडीच लागणार, पण त्याच्याही डोक्यावर मालकाची उचल आहे. आज रात्री त्याच्या घरी जातो.