‘वेव्हलेट’ला लहर म्हणावं, सर की तरंगिका?

धुरेकरी: महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या आकड्यांतले लहानमोठे चढउतार वेव्हलेटने वेगळे काढून त्यावर मराठीत टिपण करायचं आहे. ‘वेव्हलेट’ला ‘लहर’ चालेल? आणि ‘फील्ड’ला आपलं ‘वावर’?

काळी माती: लहर नको. लहर चालूच राहते, वेव्हलेट दोन्हीकडून विझतं. फ्रेंचमध्ये ‘ओंदलेत’, म्हणजे छोटी लाट. तेलशोधातल्या भूकंपनोंदी तपासणारे मोर्ले आणि त्यांच्यासोबत भौतिकशास्त्रज्ञ ग्रॉसमान, यांच्या 1984च्या लेखानंतर ही कल्पना रुजली. नाटकाची नाटिका, तशी तरंगाची तरंगिका.

पऱ्हाटी: मग ‘सर’ काऊन नाही? झड चार दिवस हटत नाही, सर येते अन् जाते.

काळी माती: जवळ आलात, पण सरीत पाणी पडतंच फक्त. तरंगिकेत जेवढं अधिक तेवढंच उणं, बेरीज शून्य. म्हणून आकडे सपाट असले की गुणक (आकडे तरंगिकेशी किती जुळतात ते) शून्य. हार नावाच्या गणितज्ञाची तरंगिका (1910) सगळ्यांत सोपी. आठ दिवसांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये, असा धरा: 0, 0, 0, 2, 38, 36, 4, 0. जोड्या पाडा, सरासरी पुढे न्या, पहिल्यातून दुसरा वजा करून निम्मा तो गुणक. पहिल्या पायरीला 0, −1, 1, 2, दुसरीला −0.5, 17.5, तिसरीला −9.5, शेवटी सरासरी 10. मोठे गुणक दोनच. (पुस्तकांत 2 ऐवजी √2ने भागतात, म्हणजे वर्गांची बेरीज टिकते.)

धुरेकरी: मग बारके गुणक पुसून टाकले तर?

काळी माती: ते पुसून उलट जोडलं की 0.5, 0.5, 0.5, 0.5, 37, 37, 2, 2. एकूण 80च, पण चारही कोरड्या दिवसांवर फुकटची भुरभुर! म्हणून ‘पाऊस पडला की नाही’ याचं मॉडेल वेगळं ठेवा, ‘किती पडला’ हे वेगळं. लॉग घेऊन सुटका नाही, शून्याचा लॉगच नसतो.

पऱ्हाटी: एक दिवस सरकवून पाहा. 0, 0, 2, 38, 36, 4, 0, 0 घेतलं की पहिल्याच पायरीला 0, −18, 16, 0 येतात, तिसरीला 0. पाऊस तोच, पण ‘चार दिवसांची घडामोड’ होती ती ‘एका दिवसाची’ झाली. अशा गुणकांवरून ‘कोणत्या स्केलवर किती चढउतार’ सांगू नका. सगळ्या सुरुवाती धरणारं, आकडे न गाळणारं रूपांतर वापरा.

काळी माती: बरोबर. आणि पायरीगणिक नुसतं प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती पसरलेत ते) देऊन थांबू नका. प्रचरण सारखं असूनही एका नकाशात चार जोरदार सरी आणि दुसऱ्यात सगळीकडे भुरभुर असू शकते. गुणकांच्या वाटणीचं शेपूट किती जाड आहे (म्हणजे फार मोठे गुणक कितीदा येतात), मोठ्या स्केलचा गुणक मोठा असला की त्याखालचाही मोठा येतो का, हे मांडलं तरच मॉडेलचा पाऊस पावसासारखा दिसेल.

धुरेकरी: आणि ‘वावर’?

काळी माती: फील्डमध्ये जागोजागी एक आकडा असतो, वावर म्हणजे ती जागाच. ‘क्षेत्र’ म्हटलं की सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर आठवतात. फील्डच ठेवा. ‘धुरा’, म्हणजे वावराचा बांध, मात्र कडेसाठी अस्सल आहे: धुऱ्यापलीकडे आकडे नसतात, तरंगिका मात्र पलीकडेही पाय पसरते, म्हणून तिथले गुणक खोटे निघतात. आरशासारखी उलटी नक्कल जोडली तर उडी कमी होते, खोटेपणा उरतोच. हिशोबातून ते वगळा.

पऱ्हाटी: तरंगिका, फील्ड, धुरा. जमलं.