दसऱ्याला गाडी हवी आहे, कोटेशन तपासून द्या (पुणे)

प्रश्न: नवी_पाटी

मंडळी, चार मीटरच्या आतली, 1.2 लिटर टर्बो पेट्रोल गाडी घ्यायची आहे. नोंदणी एमएच 12, वैयक्तिक नावावर. 8 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी घेणार, बाकी रोख म्हणजे खात्यातून.

पहिल्या शोरूमचं कोटेशन असं: एक्स-शोरूम 11,20,000. आरटीओ 1,48,000. इन्शुरन्स 58,400. टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) 11,200. हँडलिंग 9,500. फास्टॅग 500. बेसिक किट (मॅट, मडफ्लॅप, कव्हर, परफ्यूम, अंडरबॉडी कोटिंग) 21,900. एक्स्टेंडेड वॉरंटी 17,500. एकूण 13,87,000, त्यातून 25,000 सूट, म्हणजे 13,62,000.

तोच इन्शुरन्स, झिरो डेप (दाव्यात घसारा न कापणारं कव्हर) धरून, ऑनलाइन 41,000 ला दिसतो. पण सेल्सवाला म्हणतो, बाहेरून घेतलात तर सूट मिळणार नाही. जुनी 2017 ची हॅचबॅक ते 2,60,000 ला घ्यायला तयार आहेत, वर 30,000 एक्स्चेंज बोनस. बाहेर 3,05,000 मिळतात. जुन्या गाडीवर 50 टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याची विम्यातली सूट) आहे.

तीन शंका. यात कुठे आणि किती कमी होऊ शकतं? पितृपंधरवड्यात बुकिंग केलं तर खरंच फायदा होतो का? आणि डिलिव्हरी दसऱ्यालाच हवी असेल तर काय सांभाळायचं?

उत्तर 1: आकडेमोड

एकूण रकमेवर घासाघीस करू नका, एकेका ओळीवर करा. एकूण आकड्यावर बोललात की 25 हजारांची सूट मोठी वाटते, आणि बाकीच्या ओळींमधून त्याहून जास्त परत गेलेले असतात.

आरटीओची ओळ आधी. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 टक्के आणि त्यावर 13 टक्के एकरकमी कर आहे. तुमचा 12 टक्क्यांनी 1,34,400 होतो. नोंदणी शुल्क 600, स्मार्ट कार्ड 200, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500, शिवाय रस्ता सुरक्षा उपकर आणि टपाल. सगळं धरून 1,39,000 ते 1,40,000 च्या आसपास थांबायला हवं. वरचे आठ-साडेआठ हजार कसले, ते विचारा. 'एजंटचे' असं उत्तर येईल. नव्या गाडीची नोंदणी आता डीलरच ऑनलाइन करतो, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. एकच वाक्य बोला: 'वाहनची (सरकारी नोंदणी पोर्टलची) पावती जितक्याची, तितकेच देईन.' एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटचे वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका, 1 एप्रिल 2019 पासून ती प्लेट गाडीसोबतच येते.

हँडलिंग 9,500: गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच असतो. ही ओळ सरळ खोडायला सांगा. कुठे तिचं नाव लॉजिस्टिक असतं, कुठे डेपो चार्ज. बारसं वेगळं, बाळ तेच.

टीसीएस खरा आहे. 10 लाखांच्या वरच्या गाडीला पूर्ण किमतीवर 1 टक्का लागतो. पण तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वजा होतो किंवा परत मिळतो. बिलावर पॅन बरोबर आहे ना आणि नंतर आयकराच्या साइटवरच्या तुमच्या कर-विवरणात दिसतो ना, एवढं पाहा.

किट: मॅट आणि मडफ्लॅप घ्या, बाकी खोडा. अंडरबॉडी कोटिंग पुण्यात राहणाऱ्या गाडीला गरजेचं नाही. मोनोकॉक बॉडीला कारखान्यातच गंजरोधक थर दिलेला असतो. कोकणात समुद्राजवळ गाडी उभी राहणार असेल तर वेगळा विचार.

एक्स्टेंडेड वॉरंटीचा दर कंपनी ठरवते, त्यात फारसं हलत नाही. मूळ वॉरंटी चालू असताना ती नंतरही घेता येते, फक्त उशिरा घेतल्यास महाग पडते. म्हणून ती आज घेतली नाही तर गाडी मिळणार नाही, असं काही नसतं.

हिशेब: आरटीओतले साधारण 8,500, इन्शुरन्सचे 17,400, हँडलिंगचे 9,500, म्हणजे 35,400. तुम्हाला मिळालेली सूट 25,000. कोण कोणाला सूट देतंय?

उत्तर 2: पॉलिसीवाला

इन्शुरन्सबद्दल थोडं सविस्तर, कारण डीलरची खरी कमाई इथे असते.

नव्या गाडीला 1 वर्ष स्वतःच्या नुकसानीचं (ओन डॅमेज, म्हणजे ओडी) आणि 3 वर्षं थर्ड पार्टीचं (दुसऱ्याच्या नुकसानीचं) कव्हर असतं. 1000 ते 1500 सीसीसाठी 3 वर्षांच्या थर्ड पार्टीचा दर 10,640, अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 12,555. हा दर सरकारी आहे, कुठेही घ्या, तोच. फरक पडतो तो ओन डॅमेज आणि ॲड-ऑनमध्ये (झिरो डेपसारखी जोड कव्हर). त्यामुळे डीलरकडून नुसता आकडा घेऊ नका, फोडलेलं कोटेशन घ्या: आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) किती, ओडी प्रीमियम किती, कोणते ॲड-ऑन, प्रत्येकाचे किती. नव्या गाडीचा आयडीव्ही एक्स-शोरूमच्या 95 टक्के, म्हणजे तुमच्याकडे 10,64,000. ऑनलाइन 41,000 दिसतात ते आयडीव्ही उतरवून तर नाहीत ना, हे आधी तपासा. बऱ्याचदा तसंच असतं.

सूट आणि इन्शुरन्स एकत्र बांधता येत नाही. 2017 च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) नियमांत ग्राहकाला विमा कंपनी निवडायचं स्वातंत्र्य स्पष्ट दिलेलं आहे. पण शोरूममध्ये कायदा सांगत बसलात तर वातावरण बिघडतं. त्यापेक्षा म्हणा, 'याच ॲड-ऑनसह, याच आयडीव्हीला तुम्ही जुळवून द्या, मी तुमच्याकडूनच घेतो.' बहुतेक वेळा 58 चे 45 होतात. नाही झाले तर सूट कशाशी जोडली आहे ते ईमेलवर लिहून मागा. तसं लिहून सहसा कोणी देत नाही.

कॅशलेसची (दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट भरण्याची) भीती घालतील. कॅशलेस मिळतं ते विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार असेल तर. पॉलिसी कुठून घेतली यावर नाही. कंपनीच्या साइटवर गॅरेजची यादी असते, तुमचं वर्कशॉप त्यात शोधा.

50 टक्के बोनस डीलरने धरलेलाच दिसत नाही. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी नावावरून उतरली की त्या विमा कंपनीकडून एनसीबी (नो क्लेम बोनस) सर्टिफिकेट मागून घ्या. ते 3 वर्षं चालतं. सूट फक्त ओडी भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. म्हणजे ओडी 20,000 असेल तर 10,000 आणि त्यावरचा जीएसटी वाचतो. यासाठी जुन्या गाडीचा व्यवहार नव्या पॉलिसीच्या आधी उरकायला हवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी धावपळ केली तर हे हमखास राहून जातं.

पॉलिसीला चासी आणि इंजिन नंबर लागतो, तेव्हा गाडी अलॉट झाल्याशिवाय पैसे भरू नका.

उत्तर 3: यार्डातला

पितृपंधरवड्याचा फायदा होतो, पण सगळ्या गाड्यांवर नाही. वेटिंग असलेल्या मॉडेलवर कुणी पाच पैसे सोडत नाही. जी गाडी यार्डात दोन-अडीच महिने उभी आहे, तिच्यावर डीलर व्याज भरत असतो, कारण स्टॉक कर्जावर उचललेला असतो. म्हणून 'तुमच्याकडे या व्हेरिएंटच्या कोणत्या रंगाच्या गाड्या उभ्या आहेत?' हा प्रश्न 'किती कमी कराल?' पेक्षा कामाचा. रंगावर अडून बसलात की निम्मी ताकद गेली. पंधरवड्यात शोरूम ओस असतं आणि महिनाअखेर टार्गेटची असते, दोन्ही जुळून आले तर सेल्स मॅनेजरपर्यंत पोचणं सोपं.

कंपनीची ऑफर सगळीकडे सारखी, डीलरची सूट त्यावर असते. म्हणून दुसरं कोटेशन वेगळ्या मालकाच्या शोरूममधून घ्या. शहरातली तीन शोरूम एकाच ग्रुपची असतील तर तिन्हीकडे तोच आकडा येणार. 'पंचवीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री' मागू नका, रोख सूट मागा. ॲक्सेसरीज छापील किमतीत मोजतात, त्यांना त्या पडतात खूप स्वस्त.

आता महत्त्वाचं. तपासणी बिलाच्या आणि नोंदणीच्या आधी करायची. एकदा वाहनवर नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. बुकिंग फॉर्मवर व्हेरिएंट, रंग, सूट लिहून घ्या, अलॉटमेंट झाली की चासी नंबर घ्या, आणि यार्डात दिवसाउजेडी जाऊन तीच गाडी पाहा. गाडी धुतलेली आणि कोरडी हवी, ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत.

काय पाहायचं: उत्पादनाचा महिना-वर्ष (फॉर्म 22 आणि गाडीवरची प्लेट). ओडोमीटर 50 च्या आत चांगलं, 100 च्या वर असेल तर कारण विचारा, टेस्ट ड्राइव्हला फिरवलेली असू शकते. टायरवरचे चार आकडे, 3126 म्हणजे 2026 चा 31 वा आठवडा. पाचही टायर गाडीच्या तारखेच्या जरा आधीचे हवेत, स्टेपनीसकट. सगळ्या काचांवर एकाच बनावटीची खूण. बॉनेट, फेंडर आणि दारांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर वाहतुकीत धक्का बसून दुरुस्त झालेली गाडी समजा. दाराची रबर बीडिंग ओढून खाली रंगाच्या कडा पाहा. मॅट उचलून ओल आणि कुबट वास, पावसाळ्यानंतरच्या गाडीत हे विशेष. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडलेली आहे का. बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून मागा, 12.2 च्याही खाली असेल तर बदलून. ब्रेक डिस्कवरचा तांबूस थर नेहमीचा असतो, दोन ब्रेक मारले की जातो.

दोन किल्ल्या, जॅक, टॉमी, टो हुक. झालं.

नवी_पाटी

खूप खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. डीलरची फायनान्सवाली मुलगी '5 टक्के' म्हणते, माझी बँक 9. आणि जुनी गाडी?

उत्तर 4: आकडेमोड

ते 5 टक्के फ्लॅट असणार, म्हणजे पूर्ण मुदत मूळ रकमेवरच मोजलेले. 8 लाखांवर 5 वर्षांचं 2 लाख व्याज, हप्ता 16,667. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हा दर 9 च्या थोडा वर जातो. बँकेचे 9 टक्के म्हणजे हप्ता साधारण 16,607. म्हणजे बँकच स्वस्त. टक्के विचारूच नका. हप्ता, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडायचा दंड, हे तीन आकडे विचारा. व्यक्तीच्या नावावर फ्लोटिंग (बदलत्या) दराने घेतलेल्या कर्जाला हा दंड लागत नाही, फिक्स्डला लागू शकतो.

जुनी गाडी: 2,60,000 अधिक 30,000 म्हणजे 2,90,000. बाहेर 15,000 जास्त. डीलरला म्हणा 2,75,000 करा, तर इथेच देतो. बाहेर दिलीत तर फॉर्म 29, 30 वर (मालकी बदलाचे अर्ज) सह्या करून गाडी सोडून देऊ नका, आरसीवर नाव बदललेलं दिसेपर्यंत मागे लागा. तोवर तिचे चलान तुमच्याच फोनवर येतील.

उत्तर 5: यार्डातला

दसऱ्याचं राहिलंच. त्या दिवशी एका शोरूममधून एवढ्या गाड्या निघतात की कोणी काही दाखवत नाही, हार घालून फोटो काढून बाहेर. त्यामुळे तपासणी आठवडाभर आधी, पैसे आरटीजीएसने शोरूमच्या अधिकृत खात्यात (सेल्सवाल्याच्या यूपीआयवर नाही, आणि रोख 2 लाख किंवा जास्त तर कायद्यानेच नाही), बिल आणि नोंदणी चार-पाच दिवस आधी. दसऱ्याला फक्त किल्ली घ्यायची. नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. 'प्लेट दोन दिवसांत येईल, तोवर चालवा' म्हणतील, तर दसऱ्याचा पेढा खाऊन घरी या, गाडी प्लेट लागल्यावर आणा.

आणि बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं असतं. दसरा चुकून गाडी जानेवारीवर गेली तर दरवाढ तुमच्या माथी. रद्द केल्यास बुकिंगचे किती कापणार, तेही सही करण्याआधी तिथेच वाचा. अडवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915.